मोराची मोजणी

आमच्या लग्नाच्या वेळी बायकोच्या माहेरी, अकोल्याला, दाराशेजारच्या भिंतीवर एक मोर काढला होता. आमच्या वऱ्हाडात लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची रीत आहे. वर 'शुभविवाह', खाली वर-वधूची नावं, बाजूला कलश, केळीचे खांब, आणि जागा उरली तर मोर, पोपट नाहीतर हत्ती. त्यासाठी पेंटर बोलावतात. आमच्या लग्नात बायकोच्या मोठ्या भावानंच भिंत रंगवली. ते डाळ मिलमध्ये कामाला होते. चित्रकला कुठं शिकले नव्हते, पण गल्लीतल्या गणपतीचा पडदा, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, असलं काही काढायचं असलं की लोक त्यांनाच हाक मारायचे.

नावं त्यांनी पुडीच्या रंगात लिहिली होती आणि मोर मिलच्या दारांना मारून उरलेल्या ऑइलपेंटमध्ये काढला होता. त्यामुळे काही वर्षांत नावं धुऊन गेली आणि मोर राहिला. त्यातही माझं नाव आधी गेलं. सासरी त्याची थट्टा अजून संपलेली नाही.

मोराची मान दाराकडे वळलेली होती. असले मोर बहुतेक छाती काढून समोर पाहतात. हा मात्र अर्धा मागं वळून, आतून कोणी बोलावल्यासारखा पाहायचा. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा बायको मला म्हणाली होती, "दादानं मुद्दाम तसा काढला. मी घरी येते का नाही ते तो पाहत राहतो." मी मोराकडे पाहिलं आणि मान डोलावली. नवीन जावई होतो, दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी या मोराचा लोगो करायचं ठरलं.

बायको उन्हाळ्यात शेवया आणि सरगुंडे करून विकते. सरगुंडे बाहेरच्यांना सांगावे लागतात: गव्हाच्या पिठाची बारीक पट्टी काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची, वाळवायची आणि मग उकडून आंब्याच्या रसात खायची. आधी शेजारपाजारचे न्यायचे, मग अमरावतीतल्या दोन-तीन दुकानांनी मागितले. आता तिच्या महिला गटाला प्रदर्शनात जागा मिळाली होती आणि तिथं साध्या पिशवीत माल ठेवून चालणार नव्हतं. छापील पाकीट हवं, वर फलक हवा, आणि दोन्हींवर एकच लोगो हवा. गटातल्या बायकांनी मोबाइलवरून तयार लोगो दाखवले. कणसं, सुपं, नऊवारीतली बाई. बायकोनं ते सगळे पाहून घेतले आणि म्हणाली, "माझ्याजवळ आहे."

मी विचारलं, "काय आहे?"

"दादाचा मोर."

तिनं तो का निवडला हे मला विचारावं लागलं नाही. आदल्या पावसाळ्यात तिच्या दादांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन चालणंही जमू लागलं, पण उजवा हात आला नाही. तो मांडीवर ठेवलेला असतो. बसताना ते डाव्या हातानं उचलून तो नीट ठेवतात, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा. त्या हातानं काढलेलं आता जगात एवढंच उरलं होतं, एक मोर. गणपतीचे पडदे फाटले होते आणि शाळेची भिंत पाडली होती.

पाकिटं छापणारा अकोल्याचाच. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, फोटो देऊ नका. रेघांची फाइल द्या, म्हणजे पाकिटालाही तीच आणि फलकालाही तीच चालेल." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर हे आपल्याला जमेल का याचा विचार सुरू केला.

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. काहीही हाती घेण्याआधी दोन बाजू तपासायची सवय आहे, म्हणून मी कॉम्प्युटरवर दोन्ही प्रकारची फुकटातली सॉफ्टवेअर घेतली. एक फोटो दुरुस्त करायचं आणि एक रेघा काढायचं. दिवाळीला मोराचा एक फोटो मोबाइलवर काढलेला होता. आधी फोटोवालं उघडलं, कारण ते सोपं वाटलं. भिंतीचा पिवळा रंग काढला, दाराची चौकट काढली, मोर एकटा केला. पडद्यावर फार देखणा दिसत होता. त्याच्या छातीवर निळ्या रंगाचा एक ओघळ होता, शेपटीत ब्रशचा एक केस चिकटून राहिला होता, तोही स्पष्ट दिसत होता. बायकोनं खुर्ची ओढून घेतली आणि बराच वेळ पाहत बसली. "झालं की," ती म्हणाली. "हाच द्या."

मी दोन प्रती काढल्या. एक पाकिटाएवढी, आणि एक फलकाएवढी, बरेच कागद चिकटवून. पाकिटावर मोर चांगला होता. फलकावर त्याच्या मानेला पायऱ्या पडल्या. जिथं गोलाई होती तिथं चौकोनच चौकोन. बायकोनं कागद लांब धरून पाहिला, मग अजून लांब.

"लांबून चांगला दिसते," ती म्हणाली.

"प्रदर्शनात लोक जवळ येतील. जवळ यावेत म्हणूनच फलक आहे."

मी तिला माझ्या भाषेत समजावलं. शेताचा नकाशा म्हणजे शेताचा फोटो नाही. नकाशात पीक नसतं, झाडाची सावली नसते. हद्दीचे बिंदू असतात आणि ते जोडणाऱ्या रेघा. म्हणून तो वहीएवढा काढा की भिंतीएवढा काढा, रेघ रेघच राहते. वरून घेतलेला फोटो मात्र मोठा करत गेलो की एका जागी शेत संपतं आणि नुसत्या चौकटी उरतात. फोटोत सगळं असतं, पण ते ठरलेल्या मापालाच. नकाशात फार थोडं असतं, पण ते कुठल्याही मापाला टिकतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ओघळ नकाशात येणार नाही."

"नाही."

"अन् ब्रशचा केस?"

"तोही नाही."

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

तरी मी रेघांचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एक बटण होतं, फोटोवरून रेघ आपोआप काढून द्यायचं. ते दाबलं. त्यानं मोर दिला आणि मोराबरोबर भिंतीच्या भेगा दिल्या, तोरणाचा खिळा दिला, आणि शेपटीवर कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घरही रेघ आखून दिलं. कोणती रेघ पक्ष्याची आणि कोणती भिंतीची हे त्या बटणाला कळत नव्हतं. मग मी ते सगळं पुसलं आणि हातानं बिंदू टाकायला बसलो. माझी सवय अशी की बांध जरा वळला की तिथं बिंदू घ्यायचा, एकही वळण सोडायचं नाही. रविवारची सकाळ मी तशीच मोराभोवती फिरलो. पूर्ण झाल्यावर बायकोला बोलावलं.

तिनं पाहिलं. "हा दादाचा मोर नाही," ती म्हणाली. "हा तुमच्या ऑफिसातला आहे. याला गट नंबर द्या."

खरं होतं. सगळी मापं बरोबर होती आणि पक्षी मेलेला होता.

मुलगी नागपूरला नोकरीला आहे. तिला फाइल पाठवली. तिचा फोन आला तो हसतच. "बाबा, एवढे पॉइंट कोणी टाकतं का? मोर आहे, शेताचा धुरा नाही." मग तिनं नीट सांगितलं. या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू शेतासारखे सरळ रेघेनं जोडायचे नसतात. प्रत्येक बिंदूला दोन मिशा असतात, त्या ओढल्या की रेघ वळते. बिंदू जितके कमी, तितकी रेघ मोकळी. "पुसा, बाबा. पुसत जा. रेघ मोडायला लागली की थांबा."

पुसणं मला अवघड गेलं. घेतलेला बिंदू सोडून द्यायचा म्हणजे माझ्या कामात गुन्हाच. पण एकेक काढत गेलो तशी मान सैल पडली. शेवटी अख्ख्या मानेला मोजके बिंदू राहिले आणि मान वळली. बायको मागून जाता जाता थांबली. या वेळी तिनं गट नंबरचं नाव काढलं नाही.

आमच्यात वाद असा झालाच नाही. ती फोटोला धरून होती आणि मी रेघेला, एवढंच. तिचं म्हणणं, ओघळ आणि केस म्हणजेच दादाचा हात. ते गेल्यावर उरेल तो कुठलाही मोर. माझं म्हणणं, फलकावर पायऱ्या पडलेली मान लावून दादांचा मान राहणार नाही. दोघांचंही बरोबर असलं की निर्णय पुढं सरकत नाही. छापणाऱ्याचे फोन येत होते. आंब्याचे दिवस जवळ येत होते.

त्यातच अकोल्याहून भाच्याचा, दादांच्या मुलाचा, फोन आला. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्याआधी समोरच्या भिंतीला टाइल्स लावायच्या होत्या. मुलगा वाईट नाही. वडिलांसाठी घरभर धरायला दांड्या त्यानंच बसवून घेतल्या. भिंतीला ओल येत होती, ती वडिलांच्या खोलीत उतरत होती, म्हणून टाइल्स. "आत्या, तुला मोराचं काही करायचं असलं तर लवकर ये," तो म्हणाला. बायकोनं "येतो" म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. तिला पुढं बोलायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी काढली. मी टेप, कागद आणि लॅपटॉप घेतला. फोटो तिरका आलेला होता, त्यामुळे खरी मापं भिंतीवरून घ्यायलाच हवी होती. बायकोनं दादांसाठी पातोडीची भाजी घेतली, आणि डबा बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मांडीवर धरून बसली.

मेहुणे ओसरीत खुर्चीवर होते, रस्त्याकडे तोंड करून. मोर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. मी टेप काढलेला पाहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. शब्द जरा चिकटत होते, पण थट्टा चिकटत नव्हती.

"काय जवाईबुवा, माह्या मोराची मोजणी करून राहिले काय?"

"हो, दादा."

"मंग बाजूवाल्याले नोटीस देली का? नाई तं थो हरकत घेईन. शेपूट माह्या हद्दीत आलं म्हनंल."

शेपटीचं टोक खरंच शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलं होतं. बायको डबा उघडता उघडता म्हणाली, "दादा, तू गप बस न. त्यायले काम करू दे."

"मी गपच हाय वं. अर्धा तं देवानंच गप केला."

ती हसली नाही. त्यांनीच हसून घेतलं.

मी भिंतीवर खडूनं एक उभी रेघ मारली, शेत मोजताना मधून साखळी टाकतो तशी, आणि तिच्यापासून मोराची अंतरं घेत गेलो. चोच, गळा, छाती, पाय. भाचा टेपचं दुसरं टोक धरून होता. मापं झाल्यावर मी लॅपटॉपवर रेघ दुरुस्त केली, आणि मग तो स्टुलावर ठेवून मेहुण्यांसमोर सरकवला. आमचं दोघांचं जे अडलं होतं ते त्यांना सांगितलं. बायकोनं आधी फोटो दाखवायला लावला.

त्यांनी मान पुढं करून पाहिलं. "हे निळं काय वघळलं?"

"तुहाच रंग हाय थो," बायको म्हणाली. "मले तेच पायजे. तुह्या हातचं हाय."

"माह्या हातचं? घासलेट हाय थे. रंग कमी होता, म्हून मी घासलेट टाकलं. घासलेट कोनाच्याबी हातानं वघळते."

"अन् हा केस?"

"ब्रश मिलमधला होता. दारं रंगवाचा. त्याचे केस मी उपटून फेकत होतो, एक राहिला असंल." ते तिच्याकडे पाहू लागले. "तू हे छापून राहिली काय पाकिटावर? खाण्याच्या वस्तूवर केस छापतं का कोणी, येडी?"

भाचा फिसकन हसला. बायकोला राग आला होता आणि हसूही येत होतं. "मंग तुहं काय हाय त्याच्यात?" तिनं विचारलं.

"रेघ," ते म्हणाले. "रंग मिलचा, ब्रश मिलचा. रेघ तेवढी माही हाय. रेघ दाखवा, जवाईबुवा."

भाचा चहाचं सांगायला आत गेला आणि मी दुसरी फाइल उघडली. पांढऱ्या पडद्यावर नुसती काळी रेघ. डावा हात उचलून त्यांनी हवेतच पाठीवरून शेपटीपर्यंत बोट नेलं, पडद्याला न लावता.

"मान चुकली," ते म्हणाले.

मला ते लागलं. "मान मी दोनदा मोजली, दादा. भिंतीवर आहे तशीच आहे."

"तुमची नाई चुकली. माही चुकली. तुमी माही चूक बरोबर मोजली."

बायको खाली ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिनं वर पाहिलं. "कुठं चुकली? मान तं चांगली हाय."

"मान सरळ वर न्याची होती," ते म्हणाले. "मी स्टुलावर होतो. अन् आतून तू हाक मारली, दादा, जेवाले चाल, सारे थांबेल हायत. मी वळून पायलं, तं ब्रशबी वळला. पुसाले गेलो तं अजूनच पसरलं. मंग म्हटलं जाऊ द्या, अन् डोकं दाराकडं करून टाकलं."

बायकोनं वळून भिंतीवरच्या मोराकडे पाहिलं. "मले तं कधी सांगितलं नाई."

"काय सांगू? तू चालली होती." मग म्हणाले, "रोज येता-जाता दिसते मले. लोकायले मोर दिसते, मले थे मान दिसते."

मग त्यांनी मला विचारलं, "आता होते का सरळ?"

बायकोकडे पाहून उत्तर द्यायला हवं होतं. पण प्रश्न मापाचा होता आणि मला मापाचा प्रश्न विचारला की उत्तर तोंडून निघून जातं. "होते," मी म्हणालो. "हे बिंदू सरकवायचे फक्त."

त्यांनी डावा हात माउसवर ठेवला. माउस उडाला, मान पार शेपटीत गेली. मी परत जागेवर आणली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्यांनी हात काढून घेतला आणि उजवा हात मांडीवर नीट ठेवला, जसं काही त्याचंच काम अडलं होतं. "राहू द्या," ते म्हणाले. "डावा हात जेवाले शिकला तेच लय झालं."

तेव्हा मला बाणांची बटणं आठवली. नकाशात हद्दीचा दगड जरासा सरकवायचा असेल तर आम्ही माउस वापरत नाही, बाणाचं बटण दाबतो. एकदा दाबलं की बिंदू डोळ्याला कळेल न कळेल एवढाच सरकतो आणि हात थरथरला तरी फरक पडत नाही. मी मानेचा बिंदू निवडून दिला आणि त्यांचं बोट बटणावर ठेवलं. "दाबा."

त्यांनी दाबलं. मान हलली.

"हालली?" त्यांनी विचारलं.

"हालली न, बाबा," आतून परत आलेला भाचा म्हणाला.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. एका बिंदूमागून रेघ आपली आपण येत होती. बिंदू मोजकेच ठेवले होते म्हणून ती येत होती. माझ्या पहिल्या मोरात एक बिंदू हलवला असता तर मानेला नुसतं टेंगूळ आलं असतं. ते बोटानं दाबत होते, थांबत होते, मान तिरकी करून पाहत होते, "दुसरा द्या" म्हणत होते. मी दुसरा बिंदू निवडून द्यायचो. चहा आला आणि तसाच राहिला. मध्येच बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मेहुण्यांनी जिभेचं टोक दातांत धरलं होतं.

"लहानपणी चित्र काढताना असंच करे," ती हळूच म्हणाली. "आई म्हणे, जीभ तुटंल."

मान सरळ झाली. मोर आता समोर पाहत होता, छाती काढून, लग्नघराच्या मोरांनी पाहावं तसा. मेहुणे खुर्चीत मागं टेकले. कपाळाला घाम आला होता. "पाह्य वं," त्यांनी बहिणीला म्हटलं. "अशी न्याची होती मले."

बायकोनं पाहिलं. तिला काय वाटलं असेल याचा मला अंदाज होता. इतकी वर्षं तिच्यासाठी दाराकडे वळून पाहणारा मोर तिच्या डोळ्यांदेखत समोर पाहू लागला होता. ती वाकली आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, "छान झाली, दादा. लय छान झाली."

"मंग आता पाय दाखवा, जवाईबुवा. अंगठा जाड हाय."

भाच्यानं त्यांना जेवायला उठवलं तेव्हा कुठं ते थांबले. बायकोनं पातोडीची भाजी वाढली. उठण्याआधी तिनं त्यांना हाक मारली होती, "दादा, जेवाले चाल," आणि मारल्यावर तिघंही एकदम हसलो. भाच्याला कळलं नाही का हसलो ते.

परतीच्या वाटेवर लॅपटॉप तिच्या मांडीवर होता, सकाळी डबा होता तसा. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा मी तिला सांगितलं की वळलेल्या मानेची फाइल मी पुसलेली नाही, वेगळी ठेवली आहे. दोन्ही आहेत. कॉम्प्युटरवर तेच बरं असतं, जुनी रेघ मोडत नाही. "उद्या छापणाऱ्याला द्यायची आहे. कोणती देऊ?"

ती चहा प्यायली, गाडीत बसली. बडनेरा आलं तेव्हा बोलली.

"दादानं आज काढली ते द्या."

"तुला वळलेली आवडते."

"आवडते न. पण ती त्याच्याकडून चुकून झाली होती. ही त्यानं मुद्दाम काढली." ती बाहेर पाहत होती. "अन् कोणत्या हातानं काढली ते तुम्ही पाहिलं न?"

मी सोमवारी फाइल पाठवली. पाकिटावर मोर अंगठ्याएवढा आला आणि फलकावर माणसाएवढा, आणि दोन्हीकडे मान सारखीच स्वच्छ. ओघळाचा फोटो आम्ही टाकून दिला नाही. तो चौकटीत घालून तिनं शेवयाच्या यंत्राच्या वर लावला आहे. तेवढ्या मापाला तो उत्तम दिसतो. फोटोचं सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. आम्ही त्याच्याकडून त्याच्या मापाबाहेरचं मागत होतो.

टाइल्स लागल्या त्या दिवशी भाच्यानं भिंतीचा फोटो पाठवला. बायकोनं तो उघडला आणि लगेच बंद केला. दादांचा फोन येईल, त्यांना वाईट वाटलं असेल, काय बोलायचं, याची ती तयारी करून बसली होती. फोन आला. ते म्हणाले, "जवाईबुवाले फोन दे. हा पायाचा अंगठा कोणत्या बटणानं पकडाचा?" मधल्या एका फेरीत घरातला जुना लॅपटॉप आम्ही अकोल्याला देऊन आलो होतो. भाचा सांगतो, सकाळी व्यायाम झाला की तेच काम. भाच्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरचा हत्ती त्यांनी काढला. सोंड जरा लांब आहे, पण ती मुद्दाम आहे की नाही हे विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

पहिली पाकिटं भरून झाली तेव्हा त्यातलं एक बायकोनं अकोल्याला पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"पाकीट भेटलं वं. सरगुंडे मस्त झाले."

"अन् मोर?"

"मोर चांगला हाय." मग पलीकडून पाकिटाची चुरचुर ऐकू आली. "पण…"

"पण काय, दादा?"

"मान थोडी वळेलच बरी होती वं. हा लयच सरळ पाह्यते. ठाण्यातल्या शिपायावानी."

बायको ओट्याला टेकली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पिठाच्या हातांमुळे तिला ते पुसताही येईना. "दादा, हजार पाकिटं छापली रे बाप्पा!"

"मंग मी कुठं फेक म्हनून राहिलो? हे खपव. दुसऱ्या खेपेले पाहू. फाइल हाय न माह्यापाशी, मी वळवून ठेवतो."

आमच्याकडे वळलेली मान आधीपासूनच ठेवलेली आहे, हे मी त्यांना सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. बायकोनं पिठाचा हात माझ्यापुढं धरून मला थांबवलं.

"वळव, दादा," ती फोनमध्ये म्हणाली. "सावकाश वळव."

तेव्हापासून दर काही दिवसांनी अकोल्याहून एक नवी मान येते. कधी फार वळलेली, कधी जेमतेम. बायको प्रत्येक मान पाहते आणि म्हणते, अजून थोडी. परवा आलेली मला भिंतीवरच्यासारखीच वाटली. टेप काढून ती जुन्या मापांशी ताडून पाहावी असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, राहू द्या.